बलिदान वाया जाते का?



कारखान्यातली पाळी संपवून घरी आलेला मुलगा खेळ लावून बसतो आणि आपण वडील मंडळी ‘वेळ घालवतोय’ म्हणून विषय सोडून देतो. सणसवाडी-शिक्रापूर भागातल्या अनेक घरांत हे चित्र आहे. त्या खेळात गोष्ट कोणती चालली आहे, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. आज अशाच एका गोष्टीचा विचार करू, कारण तिच्या नावातच तारण आहे.

‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा व्हिडिओ गेम २०१८ साली आला. रिडेम्प्शन म्हणजे तारण, किंमत मोजून सोडवून घेणे. (खेळात खूनखराबा पुष्कळ आहे. युरोपात त्याला १८ वर्षे वयाची अट आहे. लहानांच्या हाती तो मुळीच देऊ नये.)

कथा १८९९ सालच्या अमेरिकेतली. आर्थर मॉर्गन हा दरोडेखोरांच्या टोळीतला माणूस. टोळी सावकारीही करते आणि वसुलीला आर्थर जातो. थॉमस डाउन्स नावाच्या गरीब, आजारी कर्जदाराला तो त्याच्याच मळ्यात मारतो. मार खाताना डाउन्स खोकतो आणि रक्ताचे शिंतोडे आर्थरच्या तोंडावर उडतात. डाउन्स पुढे मरतो. काही महिन्यांनी आर्थरलाही क्षय झाल्याचे निघते. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला तो १९४३ साली.

येथून पुढचा भाग आम्हांला मोलाचा वाटतो. डाउन्सची विधवा देशोधडीला लागते, मुलगा खाणीत राबतो. आर्थर त्यांना पैसे देऊन तेथून बाहेर काढतो. मला क्षमा करा, असे तो म्हणत नाही. तो हक्क आपण गमावला, हे त्याला कळते. येथे जकातदार जक्कय आठवतो (लूक १९). त्यानेही आधी लुबाडलेले परत करण्याची भाषा केली. पापनिवेदनात पापाची क्षमा होते, पण पापाने झालेले नुकसान भरून देणे उरतेच, असे ख्रिस्तसभा शिकवते. कुमसाराला जाऊन आलो की हिशेब मिटला, असे मानणाऱ्यांनी आर्थरकडे जरूर पाहावे.

एका रेल्वे स्थानकावर त्याला सिस्टर काल्देरॉन भेटतात. आयुष्यभर कुणाला न भ्यालेला हा माणूस त्यांच्यापाशी कबूल करतो, की मला भीती वाटते. सिस्टर लांबलचक उपदेश करत नाहीत. प्रेम आहे यावर भरवसा ठेव आणि प्रेमाचे एक काम कर, अशा अर्थाचे त्या बोलतात. (खेळणाऱ्याने वाटेत भलेपणा निवडला असेल तरच हा प्रसंग येतो.) शेवटी आर्थर आपला सोबती जॉन मार्स्टन याला बायकामुलाकडे पाठवतो, मागे वळून पाहू नकोस म्हणतो आणि पाठलाग करणाऱ्यांना स्वतः अडवतो. डोंगरावर दिवस उजाडताना तो मरतो. कोणी म्हणेल, तो मरणारच होता, मग बलिदान कसले? आम्हांला हे पटत नाही. मंदिराच्या पेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेजवळही फारसे उरले नव्हते.

पण गोष्ट येथे संपत नाही. १९०७ साली जॉन मागे वळतोच. टोळीशी गद्दारी करणाऱ्या मायका बेलला शोधून तो ठार मारतो आणि त्याच मागावरून सरकारी अधिकारी त्याच्या घरापर्यंत पोहोचतात. पुढचा भाग २०१० साली आधीच आलेल्या खेळात आहे. १९११ साली जॉनकडून हवे ते काम करून घेऊन एडगर रॉस हा अधिकारी त्याला गोळ्या घालतो. जॉन बायकामुलाला आधी पळवून लावतो आणि एकटा बाहेर येतो. १९१४ साली मुलगा जॅक निवृत्त रॉसला गाठून मारतो. आर्थरच्या कबरीवर नीतिमत्त्वाच्या भूक-तहानेविषयीचे वचन आहे (मत्तय ५:६), जॉनच्या कबरीवर शांती करणाऱ्यांविषयीचे (मत्तय ५:९). अशा बापाचा मुलगा हातात बंदूक घेतो.

मग आर्थरचे मरण वाया गेले का? एका पोराला बारा वर्षे बाप मिळाला, हे थोडे नाही. मात्र या गोष्टीत भरपाई करणारा आहे, जीव देणारेही दोन आहेत, क्षमा करून वैर थांबवणारा कोणी नाही. प्रभूने क्रूसावरून मारेकऱ्यांसाठी क्षमा मागितली, ती येथे नाही. आपल्याकडे जमिनींचे भाव चढले तशी बांधावरची भांडणेही चढली. कोर्टाच्या तारखा बापाकडून मुलाकडे वारशाने जातात, आणि ‘आमच्या म्हाताऱ्याने सोसले’ हे कारण प्रत्येकाजवळ असते.

खेळाबाहेरची एक गोष्ट सांगतो. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात सिस्टर राणी मारिया यांना समंदर सिंग याने बसमध्ये भोसकून मारले. गरिबांना सावकारी पाशातून सोडवण्याचे त्यांचे काम काहींना खुपत होते. त्याला जन्मठेप झाली. २००२ साली त्यांच्या सख्ख्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेल्या आणि त्यांनी त्याच्या हाताला राखी बांधली. कुटुंबानेच रदबदली केल्यावर २००६ साली तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारिया यांना धन्य घोषित करण्यात आले, तेव्हा समंदर सिंग त्या गर्दीत होता.