पुढील सूचनेपर्यंत

‘पुढील सूचनेपर्यंत घरून काम करावे.’ कंपनीच्या मेलमधलं हे वाक्य मी वाचलं होतं. फक्त त्यातले पहिले दोन शब्द डोळ्यांखालून गेले, डोक्यात शिरले नाहीत.

२०२१चा जानेवारी. वाकडला भाड्याचा टू-बीएचके, महिना १८,००० रुपये. मी बेडरूममध्ये दार लावून मीटिंगला बसलेलो, बायको ओट्यावर डब्याला मोबाइल टेकवून शाळेचे तास घेतेय आणि मधल्या खोलीत मुलाचा दंगा. हिंजवडीच्या ऑफिसचं तोंड दहा महिन्यांत पाहिलं नव्हतं. मग भाडं भरायचं कशासाठी? त्यात आठ दिवस वाईला आत्याकडे राहिलो, मेणवलीच्या घाटावर पाण्यात पाय सोडून एक कॉल घेतला आणि कामातूनच गेलो.

गावाबाहेर ४२ लाखांचं रो-हाउस मिळत होतं. ३१ मार्चच्या आत दस्त केला तर मुद्रांक शुल्कात दोन टक्क्यांची सवलत, म्हणजे ८४,००० रुपये वाचणार. तेवढ्यासाठी वीस वर्षांचा निर्णय मी तीन आठवड्यांत उरकला. बाबा एकच वाक्य बोलले, “अरे, नोकरी पुण्यात आणि चूल वाईत, हे निभणार कसं?” मी त्यांना इंटरनेटचा वेग सांगितला.

दीड वर्ष खरंच सुखाचं गेलं, ते नाकारणार नाही. पावसाळ्यात लाईट जायची, इन्व्हर्टर घेतला. फांदी पडून फायबर तुटायचं, मोबाइलवर भागवलं. मग महिन्यातून एकदा ऑफिसला बोलावणं आलं, मग आठवड्यातून एकदा आणि जून २०२३पासून तीन दिवस, सक्तीचे. मी एचआरला फोन केला. पलीकडची मुलगी अदबीने म्हणाली, “सर, तुमच्या नेमणूकपत्रात कामाचं ठिकाण पुणेच आहे ना?” होतं. तिचं काही चुकलं नव्हतं.

पहाटे पाचला गाडी काढायची. सुरूर फाटा, खंबाटकीचा बोगदा, खेड शिवापूरचा टोल, तिथपर्यंत ठीक. नवले पुलाला लागलं की घड्याळाकडे बघायचं नाही. संध्याकाळी परतताना खंबाटकीचा चढ ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. घरी पोचेपर्यंत मुलगा झोपलेला. दिवसाला दोनशे किलोमीटर, महिन्याला बारा फेऱ्या. पहिल्या महिन्याचा पेट्रोल-टोलचा हिशेब मांडला तर आकडा आला १८,०००. वाकडचं भाडं जसंच्या तसं परत आलं होतं, मणक्याचं दुखणं वर.

कर्जाची गोष्ट वेगळीच. ३५ लाख घेतले तेव्हा रेपो दर ४ टक्के होता आणि मला व्याज पडलं ६.९. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहाएक महिन्यांत रेपो ६.५वर गेला, माझं कर्ज ९.४वर. हप्ता जुनाच, जेमतेम २७,०००; पण त्यातले २६,०००हून जास्त नुसत्या व्याजात जायला लागले. मुदत वाढवू की हप्ता, असं बँकेने विचारलं. मुदत वाढवली असती तर कर्ज माझ्या निवृत्तीच्याही पुढे गेलं असतं. हप्ता वाढवला, ३२,०००च्या वर गेला.

म्हणून आता कुणी गाव गाठायचं म्हटलं, की मी आधी नेमणूकपत्र बघायला सांगतो. घरून कामाची मुभा मेलमध्ये असेल तर ती साहेबांची मर्जी. पत्रात असेल तर निदान बोलायला जागा राहते. आणि पत्रात असली तरी ती या नोकरीपुरती. पुढची नोकरी कुठे मिळेल हे आत्ताच विचारात घ्या. वाईत माझ्या कामाची दुसरी कंपनी नाही. शेजारचा डिझायनर मात्र आरामात आहे, कारण त्याला साहेबच नाही.

घर घेऊ नका, आधी अकरा महिन्यांचा करार करून भाड्याने राहा. त्यात जून ते सप्टेंबर पूर्ण यायला हवेत. डिसेंबरातली वाई सगळ्यांनाच आवडते. हप्ता काढताना व्याज अडीच टक्क्यांनी जास्त धरा आणि ऑफिसने उद्या तीन दिवस बोलावलं तर येण्याजाण्याचा खर्च त्यात मिळवा. एवढं करून जमत असेल तर खुशाल जा.

बायकोची नोकरी मी हिशेबात धरलीच नव्हती. हे लिहितानाही लाज वाटते. वाकडची कायम नोकरी सोडून ती इथल्या शाळेत निम्म्याहून कमी पगारावर शिकवते. मी सोमवार ते बुधवार वाकडला कॉट बेसिसवर असतो, एका खोलीत तिघं, बाकीचे दोघं माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये टू-बीएचकेला आता ३०,००० सांगतात.

रो-हाउस विकायला काढलंय. बघायला येणारे बहुतेक पुण्याचेच, लॅपटॉपवाले. नेट कसं आहे, एवढंच विचारतात. मी त्यांना नेमणूकपत्राचं विचारतो. घर अजून गेलेलं नाही.