दाखल्याचे दुसरे पान

माजिवड्याच्या नाक्यावर, जेथे घोडबंदरचा रस्ता मुंबई-आग्रा महामार्गापासून फुटतो, तेथून गावठाणाच्या दिशेने थोडे चालत गेले की जमिनीचा एक तुकडा लागतो. २००७ पासून २०१८ पर्यंत अकरा वर्षे तो तुकडा माझ्या मालकीचा होता, आणि त्या अकरा वर्षांत त्यावर एक वीटदेखील रचण्याचा अधिकार मला नव्हता. शिकलासवरलेला मनुष्य, ज्याने आयुष्यभर मुलांना अक्षर न् अक्षर वाचण्याची शिस्त लावली, तो असा फसला कसा, हा प्रश्न मला आप्तेष्टांनी इतक्या वेळा विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहून काढणे मला आवश्यक वाटते.

मी काही आंधळेपणाने व्यवहार केला नव्हता. सातबारा पाहिला, जुने फेरफार काढले, वकिलामार्फत तीस वर्षांचा शोध घेऊन मिळकत निर्वेध असल्याचा अहवाल मिळविला, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली. विक्रेता अनोळखी नव्हता; त्याची दोन्ही मुले माझ्या वर्गात शिकलेली, आणि मी त्यांच्याकडून शिकवणीचा एक पैसाही कधी घेतला नव्हता. त्याने स्वतः होऊन झोन दाखल्याची छायाप्रत आणून दिली. सर्व्हे नंबर बरोबर, हिस्सा नंबर बरोबर, आणि खाली स्पष्ट अक्षरांत 'निवासी विभाग' असा शेरा. चार गुंठ्यांचा इसार त्याच संध्याकाळी झाला.

पुढे घराचा आराखडा काढण्यासाठी नौपाड्यातील एका तरुण वास्तुविशारदाकडे गेलो, तेव्हा त्याने माझ्या मोजणीची क प्रत पाहिली आणि विकास योजनेचा प्रमाणित भाग नकाशा मागितला. तो माझ्याकडे नव्हता. त्याने अर्ज करविला, आणि नकाशा हाती आल्यावर मोजणीचा नकाशा त्याच प्रमाणात पारदर्शक कागदावर उतरवून त्यावर ठेवला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग पेन्सिलीचे टोक एका रेषेवरून हळूहळू फिरवीत म्हणाला, "सर, ही रेषा क्रीडांगणाच्या आरक्षणाची आहे." चार गुंठ्यांपैकी सव्वातीन गुंठे त्या रेषेच्या आत होते, उरलेली त्रिकोणी पट्टी इतकी चिंचोळी की नियमाप्रमाणे सामासिक अंतरे सोडल्यावर तेथे भिंत उभी करण्याइतकीही जागा शिल्लक राहत नव्हती. त्या खोलीतील पंख्याचा आवाज मला अजून आठवतो. अर्जासोबत झोन दाखल्याचीही नवी प्रत आली होती, आणि ती दोन पानांची होती. दुसऱ्या पानावर लिहिले होते: अंशतः क्रीडांगणासाठी आरक्षित. मला मिळालेली छायाप्रत एकाच पानाची होती.

मी त्याच पावली विक्रेत्याच्या घरी गेलो. त्याने चहा मागविला, मुलांची खुशाली सांगितली, माझे सर्व बोलणे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाला, "सर, निवासी विभाग म्हणून सांगितलं होतं, ते खोटं आहे का? तुम्हीच वाचा." ते खोटे नव्हते, आणि हेच मला सर्वांत अधिक झोंबले. झोन आणि आरक्षण या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, निवासी विभागातील जमिनीवरही मैदान, शाळा, बाजार किंवा रस्ता यांचे आरक्षण असू शकते, हे त्याला पुरते ठाऊक होते आणि मला नव्हते. पुढे फेरफाराच्या वेळी त्याच्या भाऊबंदांनी तलाठ्याकडे हरकत घेतली, तेव्हाही तो साक्षीला आला नाही. निरोप पाठविला की प्रकृती बरी नाही.

येथे कायद्याचे थोडे सांगणे प्राप्त आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. ठाण्याची विकास योजना १९९९ साली अमलात आली. योजना तयार होताना ती राजपत्रातून व वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध होते, हरकती मागविल्या जातात, परंतु प्रत्येक जमीनमालकाच्या दारी नोटीस येत नाही. आरक्षणाची नोंद सातबाऱ्यावर शोधू जाल तर तेथे ती मिळणार नाही. वकिलाचा शोध अहवाल मालकी आणि बोजा यांच्यापुरता असतो. नकाशावरील हिरव्या रंगाशी त्याचा संबंध नाही. हे मला कोणीही, फी घेणाऱ्या वकिलानेदेखील, सांगितले नाही.

आरक्षणातून सुटण्याच्या वाटा दोन आहेत, आणि दोहोंस बोलीत 'खरेदी सूचना' म्हणत असल्यामुळे लोक त्यांची गल्लत करतात. कलम ४९ ची सूचना राज्य शासनाला द्यावयाची. जमीन तिच्या सद्यःस्थितीत उपयोगास अक्षम झाली असे दाखवावे लागते, पण दहा वर्षे थांबावे लागत नाही. कलम १२७ ची सूचना नियोजन प्राधिकरणाला, अंतिम योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर, आणि ती मालकीच्या कागदपत्रांसह. पहिली वाट मला ठाऊकच नव्हती. दुसरीची दहा वर्षे २००९ मध्ये भरली. परंतु सातबाऱ्यावर नाव चढल्याखेरीज सूचना देऊ नये असे माझ्या वकिलाचे मत पडले, आणि फेरफाराचा कज्जा वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला. मूळ कायद्यात सूचनेनंतर प्राधिकरणाला जमीन संपादनासाठी सहा महिन्यांची मुदत होती. २००९ च्या दुरुस्तीने ती बारा महिन्यांची झाली, २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस महिन्यांची. माझी सूचना गेली २०१६ साली. त्या चोवीस महिन्यांच्या अखेरीस मी थकलो, हस्तांतरणीय विकास हक्क घेतले आणि जमीन सोडून दिली. क्रीडांगणाच्या गरजेबद्दल माझे दुमत नाही; माजिवड्यातील मुलांना मैदान हवेच आहे. मला माहीत असते तर मी ती जमीन घेतलीच नसती.

म्हणून जे जमीन घेऊ पाहतात त्यांस माझे सांगणे असे की झोन दाखला विक्रेत्याच्या हातून कदापि स्वीकारू नये. स्वतःच्या अर्जाने, ताज्या तारखेचा, सर्व पानांसह घ्यावा आणि त्यासोबत भाग नकाशा मागावा. आपला हिस्सा मोजून घेऊन तो त्या नकाशावर जाणत्याकडून उतरवून पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. जागेचे नियोजन प्राधिकरण कोण, हेही आधी विचारावे. कल्याण-डोंबिवलीलगतची २७ गावे १९८३ साली महापालिकेत आली, २००२ साली वगळली गेली आणि २०१५ साली पुन्हा घेतली गेली, तेव्हा कोणत्या वर्षी कोणाच्या कचेरीत कोणता नकाशा होता हे तेथे तोंडी सांगण्यावर सोडता येत नाही. ओळखीच्या माणसाशी व्यवहार करताना अधिक सावध राहावे. घाई करू नये.

ज्यांची जमीन पूर्वापार आहे त्यांनी मात्र प्रारूप योजनेच्या वेळी जागे राहावे. ठाण्याचा सुधारित प्रारूप आराखडा २०२४ च्या ऑक्टोबरात प्रसिद्ध झाला, तेव्हा मी माझ्या पुतण्याला सोबत घेऊन नकाशा पाहण्यास गेलो. गावठाणात घरे असलेले पुष्कळ लोक मोठ्याने बोलत होते, पण सर्व्हे नंबर लिहून आणलेला मनुष्य विरळा. हरकत लेखी द्यावी, मुदतीत द्यावी, तीत आपला नंबर, नकाशाचा उतारा आणि नेमका कोणता बदल हवा हे नमूद करावे, आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली पोच जपून ठेवावी. कलम २८ खालील नियोजन समितीपुढे सुनावणीस बोलावणे आले की तीच हाती असावी लागते. पुतण्याचा अर्ज मी स्वतः लिहिला, दोनदा वाचला, आणि जोडलेली पाने मोजून घेतली.

परतताना आम्ही त्या जुन्या तुकड्यावरून आलो. माझ्या खरेदीखतातील चतुःसीमेत पूर्वेस 'विक्रेत्याची उर्वरित जमीन' असे लिहिलेले आहे. त्या उर्वरित जमिनीवर आज त्याची चार मजल्यांची इमारत उभी आहे, आणि तिची कुंपणभिंत आरक्षणाच्या रेषेच्या बरोबर एक हात बाहेर आहे.