बंडखोर की दहशतवादी?

प्रश्न : श्रीलंकेतील तमिळ वाघ सरकारशी युद्धच करीत होते; मग कायदा त्यांना दहशतवादी कसा ठरवितो? माझा मुलगा महाविद्यालयीन वादसभेत या विषयावर बोलणार आहे. त्यात काही धोका तर नाही ना?
— एक वाचक, सातारा

उत्तर : युद्ध असले की दहशतवादाचा आरोप टिकत नाही, हा आपला समज सार्वत्रिक असला तरी कायद्यास मान्य नाही, कारण १९४९ च्या जिनिव्हा करारांचे सामायिक तिसरे कलम अंतर्गत संघर्षातील उभय पक्षांवर माणुसकीची किमान बंधने घालीत असले, तरी त्यायोगे बंडखोरांचा कायदेशीर दर्जा बदलत नाही, असे त्यातच नमूद आहे. म्हणून लष्करी छावणीवर हल्ला करणाऱ्यावरही देशाच्या फौजदारी कायद्याने खटला चालू शकतो. आणि १९९६ साली तमिळ वाघांनी कोलंबोच्या मध्यवर्ती बँकेवर स्फोटकांनी भरलेला ट्रक घालून निःशस्त्र नागरिकांचे प्राण घेणे, हे तर युद्धनियमांनीही निषिद्धच होते.

युद्ध असले तरी दहशतवादाचा आरोप टिकतो, हेच तत्त्व लक्झेंबर्ग येथील युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१४ साली मान्य केले. तथापि वृत्तपत्रे व इंटरनेटवरील मजकुरावर विसंबून केलेला या संघटनेचा युरोपीय संघाच्या दहशतवादी यादीतील समावेश त्याने रद्द ठरविला.

चिरंजीवांनी कृत्याचा विचार आणि संघटनेवरील शिक्का हे दोन मुद्दे पृथक् मांडावेत. आपल्याकडे बंदी घातलेल्या संघटनेचे सभासदत्व हाच गुन्हा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. मात्र अभ्यासपूर्ण चर्चा गुन्हा नव्हे, तेव्हा त्यांनी निःशंकपणे बोलावे.