ड्युटी लिस्टमध्ये नसलेलं काम

१. पक्षपाताचा फटका नेमून दिलेल्या कामाला आधी बसत नाही, हे मला वॉर्डात कळलं. इन्चार्ज सिस्टरच्या मर्जीतल्या दोघींना सणावारी सुट्टी, बाकीच्यांच्या वाट्याला नाइट, असं महिनोन्‌महिने चाललं. तरी इंजेक्शनं वेळेवर गेली, चार्ट भरले गेले. बंद पडलं ते वेगळंच. पूर्वी पुढच्या पाळीला ओव्हर देऊन झाल्यावरही आम्ही रेंगाळायचो. नव्या मुलीला शीर कशी शोधायची ते दाखवायचो, खिडकीजवळच्या आजींना लेकीचा फोन लावून द्यायचो. आता वेळ झाली की पर्स खांद्याला. असं कुणी ठरवलं नव्हतं, आणि रजिस्टरमध्ये बोट ठेवायला जागा नव्हती.

२. अशा कुणी न सांगितलेल्या, बक्षिसाच्या हिशेबात न धरल्या जाणाऱ्या कामावर डेनिस ऑर्गन या अमेरिकन अभ्यासकाने १९८८ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. रुग्णालय खरं तर अशाच कामावर चालतं, असं माझं ठाम मत आहे.

३. दुसरीला जास्त मिळालं यापेक्षा का मिळालं ते कळत नाही, याची सल मोठी. जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी १९९० मध्ये पगार तात्पुरता १५ टक्के कापलेल्या दोन कारखान्यांचा अभ्यास मांडला. दोन्हीकडे चोऱ्या वाढल्या. पण जिथे कपातीचं कारण आपुलकीने, सविस्तर सांगितलं, तिथे बऱ्याच कमी. हे वाचलं आणि आमचा वॉर्ड डोळ्यांसमोर आला. त्या दोघींपैकी एकीची सासू डायलिसिसवर होती. आम्हाला ते कळलं फार उशिरा, तेही भलत्याच कुणाकडून. इन्चार्जने आधी सांगितलं असतं, तर तिच्या नाइट आम्हीच वाटून घेतल्या असत्या!

४. मर्जीत असणंही सुखाचं नसतं. ती डबा एकटीच खायची. ब्लड बँकेत तिला धावत जावं लागलं, तरी ‘थांब, मी जाते’ असं कुणी म्हणत नसे.

५. पुढे नव्या इन्चार्ज आल्या. त्या लिस्ट आधी पेन्सिलने काढून टेबलावर ठेवायच्या. गौरी-गणपतीला सुट्टी कुणाला आणि का, ते सगळ्यांसमोर ठरायचं. नाइट काही कमी झाल्या नाहीत, पण ओव्हरनंतरची कुजबुज थांबली. नव्या मुलींना शिकवणं हळूहळू पुन्हा सुरू झालं. काही जणी मात्र आजही वेळ झाली की निघतात. त्यांना थांबा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.