रोजची ताकदीची गोळी : कुणाला आणि कोणती?



कन्नड तालुक्यात कुठल्याही बुद्धविहारात महिलांची बैठक असो, आरोग्याचा विषय निघाला की आम्हाला हमखास विचारलं जातं, "सिस्टर, अंगात ताकद नाही, एखादी चांगली मल्टिव्हिटॅमिन सांगा." आम्ही आधी उलट विचारतो, हिमोग्लोबिन किती आहे? बहुतेकींना ते माहीत नसतं. मेडिकलमधून तीनचारशेची बाटली मात्र घरात आलेली असते. कापूस वेचणाऱ्या बाईची ती दिवसभराची मजुरी.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींत एक. म्हणून थकवा, धाप, चक्कर असेल तर आधी रक्त तपासा. उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत आहे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदर बाईचं ११ च्या खाली, तर रक्त कमी. गरोदर बाईचं ७ च्या आणि इतरांचं ८ च्या खाली गेलं तर घरी गोळ्या खात बसू नका, दवाखाना गाठा.

रक्त कमी असताना मल्टिव्हिटॅमिन पुरत नाही. त्यात सगळं थोडं थोडं असतं. लोह बऱ्याचदा नावापुरतं, कधी नसतंच. शिवाय त्याच गोळीत कॅल्शियम असलं की लोह नीट शोषलं जात नाही. आशाताई देतात त्या लाल गोळीत मात्र ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. गरोदर बाईने चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. शाळेतल्या मोठ्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी. फुकटची म्हणजे हलकी, असं समजून ही पाकिटं कोनाड्यात पडून राहतात, याचा आम्हाला खरंच राग येतो. गोळीने शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नये. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या. पुढे-मागे तासभर चहा नको. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. जेवणात लिंबू, पेरू, आवळा असू द्या.

एक सावधगिरी. विदर्भातल्या आपल्या समाजात आणि आदिवासींमध्ये सिकलसेल आढळतो. तिकडची सोयरीक असेल, घरात कुणाचे सांधे वारंवार दुखत असतील, डोळे पिवळे होत असतील, तर आधी सिकलसेलची तपासणी करा. लोह किती घ्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

बी-१२ ची गोष्ट वेगळी. ते अंडी, मासे, मटण, दूध यांतून मिळतं. अजिबात मांसाहार न करणारे आणि साखरेसाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणारे यांना ते कमी पडू शकतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर तपासा. सुकट, अंडी, काळीज ज्यांच्या घरात शिजतं त्यांनी त्याची लाज बाळगू नये, औषधापेक्षा ते स्वस्त आहे. (काळजात अ जीवनसत्त्व फार, म्हणून गरोदरपणात बेताने.) सोबत तांदुळजा, करडई, शेवग्याचा पाला.

तरीही घ्यायचीच असेल तर जनऔषधी दुकानात विचारा. मागचं लेबल वाचा. फेरस फ्युमरेट २०० मिलिग्रॅम लिहिलं तरी त्यात प्रत्यक्ष लोह ६५ च्या आसपासच असतं. रोजच्या गरजेच्या शंभर टक्क्यांजवळ आकडे असले की पुरे. हजार टक्के बी लिहिलेल्या गोळीतलं बरंचसं लघवीवाटे पिवळंधमक होऊन जातं. अ जीवनसत्त्वाचं तसं नाही, ते अंगात साठतं. गरोदरपणात दिवसाला १०,००० युनिटच्या वर गेलं तर बाळात व्यंग येऊ शकतं, तेव्हा गरोदर बाईने स्वतःच्या मनाने दुसरी बाटली सुरू करू नये.

महिन्याने पुन्हा रक्त तपासा. गोळ्या नीट घेऊनही हिमोग्लोबिन एकाने वाढलं नसेल तर डॉक्टरांना दाखवा. जंत असतील, पाळीत जास्त रक्त जात असेल. ऊसतोडीला जाणाऱ्या भगिनींनी निघण्याआधीच तपासणी करून पुढच्या महिन्यांची पाकिटं आशाताईंकडून मागून घ्यावीत, आणि तपासणीचा कागद सोबत ठेवावा.