गॅस पेटवताना चुलीच्या सवयी सोडू या

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात कापूस संपला की पऱ्हाट्या आणि तूर निघाली की तुराट्या घरी येतात. सरपण असे शेतातूनच मिळते. 1 मे 2016 रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुष्कळ घरांत चुलीच्या जोडीला गॅसची शेगडी आली. पण हाताला सवय राहिली चुलीचीच. म्हणून चूल आणि गॅस यांतला फरक आज आपण समजून घेऊ.

गॅस खाली साचतो

चुलीचा धूर वर जातो, म्हणून आपण छपराजवळ झरोका ठेवतो. सिलिंडरमधला गॅस मात्र हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर जमिनीलगत पसरतो आणि ओट्याखाली, कोपऱ्यात साचतो. नुसता वरचा झरोका त्याला पुरत नाही. दार उघडे हवे. शंभर भाग हवेत सुमारे दोन भाग गॅस मिसळला, तरी ठिणगीने भडका उडू शकतो. चूल तर जमिनीवरच पेटते! म्हणून पेटती चूल आणि सिलिंडर एका खोलीत कधीही नकोत. चूल अंगणात किंवा पडवीत न्यावी.

सिलिंडर नेहमी उभा ठेवावा आणि शेगडी त्याहून उंच ओट्यावर असावी. भाकरी खाली बसून थापली तरी चालेल, पण भाजावी ओट्यावर. नळी आयएसआय छापाची घ्यावी व पाच वर्षांनी बदलावी. तडा दिसला तर लगेच. गळती पाहायची तर नळीला साबणाचे पाणी लावावे, बुडबुडे येतात. काडी लावून कधीही पाहू नये.

वास आला तर

गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळतात. तो वास आला की असे करावे :

1. शेगडीची बटणे आणि रेग्युलेटर बंद करावे.
2. चूल, उदबत्ती, क्रुसापुढची मेणबत्ती, जे पेटते असेल ते विझवावे.
3. विजेचे कोणतेही बटण चालू करू नये आणि बंदही करू नये. दोन्ही वेळा ठिणगी पडते.
4. दारे-खिडक्या उघडून मुलाबाळांना, म्हाताऱ्यांना बाहेर न्यावे.
5. घरापासून दूर जाऊन 1906 या क्रमांकावर फोन करावा.

रोज रात्री निजण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करण्याची सवय लावावी.

गॅस पुरवावा कसा

चूल धरायला वेळ लागतो, म्हणून आधी चूल पेटवायची आणि मग भाजी चिरायची, अशी आपली रीत. गॅस क्षणात पेटतो. तेव्हा भाजी चिरून, पीठ मळून, फोडणीचे सामान हाताशी घेऊन मगच काडी ओढावी. काडी आधी, बटण नंतर.

आच भांड्याच्या बुडाबाहेर गेली तर ती वाया जाते. पाण्याला उकळी आली की आच कमी करावी. उघड्या भांड्यात जाळ कितीही वाढवला तरी उकळते पाणी अधिक तापत नाही, नुसती वाफ उडते. म्हणून झाकण ठेवावे. डाळ आधी भिजवावी. कुकरमध्ये दाबामुळे पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत तापते, त्यामुळे वरण लवकर शिजते.

ज्योत निळी असावी. ती पिवळी झाली, भांड्याला काजळी धरू लागली, तर बर्नरची छिद्रे भाकरीच्या पिठाने किंवा उतू गेलेल्या दुधाने बुजली असतील. शेगडी बंद करून, थंड झाल्यावर ती साफ करावीत.

पोप फ्रान्सिस यांनी 2015 सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात, सृष्टीची काळजी घेणाऱ्या घरगुती सवयींमध्ये खाता येईल तेवढेच शिजवणे हीदेखील एक सवय सांगितली आहे. अन्न वाचते तिथे गॅसही वाचतो. आज मिस्साहून घरी गेल्यावर आपण सर्वांनी एवढे जरूर करावे : नळी पाहावी, आणि सिलिंडरच्या खोलीतली चूल बाहेर न्यावी.