मिरचीचें नांव व मिरचीचें बीं

हाबानेरोसारख्या अति तिखट मिरच्यांच्या जातीस 'कॅप्सिकम चायनेन्से', म्हणजे चिनी मिरची, असें शास्त्रीय नांव आहे. व्हिएन्नाचे वनस्पतिशास्त्रज्ञ फॉन जाकिन ह्यांनीं तें १७७६ सालीं ठेविलें; वास्तविक तिचें मूळ दक्षिण अमेरिकेंत! आपली मिरचीही मिऱ्याचेंच नांव घेऊन बसली आहे. ह्या चुकांनीं कोणाचें नुकसान झालें नाहीं. परंतु दुर्मिळ बियांच्या पुडीवरील नांव चुकलें, तर घेणाऱ्याचा सबंध हंगाम फुकट जातो. शेजारच्या वाफ्यांतील पराग मधमाशा आणितात. फळ आईसारखेंच दिसतें, पण त्यांतलें बीं निराळें उगवतें. म्हणून आम्ही सुचवितों कीं, कळी उमलण्यापूर्वीं तिजवर पातळ कापडाची पिशवी बांधावी. मिरची स्वपरागानें फळते. फळ धरतांच देठास दोरा बांधावा, व तेंच फळ बियाण्यास ठेवावें.